सेकंदाला पंचवीस मिलिमीटर

मशीन मी स्कूटीच्या पायाशी ठेवून आणते,
आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून.
मानकापूरच्या मैदानावर डिसेंबरचे साडेपाच.
निखाडे सर धुक्यात दिसत नाहीत, नुसती शिट्टी.
सामानाच्या खोलीत हर्डल्स एकावर एक रचलेले,
भाल्यांच्या कोपऱ्यातून दोरी, दोरीवर चादर,
चादरीमागे बाकडं.
हाच आजचा दवाखाना.

पोरं रांगेत, बनियन काढायला लाजणारी.
"ताई, करंट लागते काय?"
"नाही रे बावा. करंट तुझाच. मी नुसता वाचते."
जेल लावला की अंगावर काटा येतो,
फासळ्या बोटानं मोजता येतात एकेकाच्या,
चौथी, पाचवी, मग डावीकडे रबरी वाटी.
मुली आल्या की चादर आणखी ओढून घेते.
मोमिनपुऱ्याची अर्शिया डोळे मिटून आकडे म्हणते,
एक ते तीस,
जणू विहिरीत बुडी मारलीय.

मग कागद सुटतो.
सेकंदाला पंचवीस मिलिमीटर,
कुणासाठी घाई नाही, कुणासाठी उशीर नाही.
एकाचे ठोके चव्वेचाळीस, मशीन घाबरून बोंबलतं.
डॉक्टर सहारे हसतात,
"पळणाऱ्याचं आहे ते. उतारावर गाडी
न्यूट्रलला सोडल्यासारखं. जाऊ दे त्याला."

लुंबिनी गजभियेचा असा कागद नव्हता.
मागचा फेब्रुवारी, दीड हजार मीटर, तिसरी फेरी.
पडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पायात पाय अडकला.
सर ओरडले, ऊठ.
तो शब्द त्यांनी त्यानंतर वापरलेला नाही,
बसलेल्या पोरांनाही ते नुसती मान हलवून सांगतात.
स्ट्रेचर सापडायला सहा मिनिटं लागली.
सहा मिनिटं म्हणजे नऊ मीटर कागद.
हा हिशोब मी एका रात्री केला, नको असताना.
तिची आई मेडिकलच्या आवारात
दिसेल त्याला विचारत होती, झाडूवाल्यालासुद्धा,
"पोरगी रोज पळे न जी तुमच्यासमोर.
कोणी पाहिलं काहून नाही?"

एकोणचाळिसावा तन्मय उईके,
देवलापारचा, आठशे मीटर.
आडवा होताना म्हणाला, "गुदगुल्या नका करू."
छातीवर सहा तारा, हातापायांना चार.
कागदावर जिथं छोट्या टेकड्या वर यायच्या
तिथं त्या खाली लटकलेल्या,
दुपारच्या झाडावर वटवाघळं लटकावीत तशा.
डॉक्टरांनी लाल पेनानं गोल केला. बोलले नाहीत.
दुसरा कागद काढ म्हणाले.
तोही तसाच.

"पास का नापास, ताई?"
म्हटलं, यात मार्क नसतात.
सोमवारी मेडिकलला ये, इको काढू, आईला आण.
कदाचित काहीच नसेल.
"अन् तोवर प्रॅक्टिस?"
"तोवर चालायचं. पळायचं नाही."
"शनिवारी जिल्ह्याची मीट आहे न."
मी केबल गुंडाळत राहिले, गुंडाळलेलीच पुन्हा.
"मंग तुम्ही पाहिलं कायले?"

सर दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं.
आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.

नऊला ऊन आलं. पोरं तर्री-पोह्यावर तुटून पडली.
मी वाट्या पुसल्या. एकसष्ट कागदांची घडी पिशवीत,
एक वेगळा, डब्याच्या झाकणाखाली, उडू नये म्हणून.
निघताना ट्रॅककडे पाहिलं तर
उईके आतल्या कडेला उभा,
सरांचं स्टॉपवॉच त्याच्या हातात.
अर्शिया वळणावरून येत होती.
तो ओरडत होता तिच्यावर, चिडलेला, हात झाडत,
अंगठा बटणावर,
आणि उजवी टाच मातीवर आपटत होता
तिच्या पावलांच्या तालात,
जागच्या जागी.